युद्ध युक्रेनला, हप्ता जिंतुरात

प्रश्न : 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धाने तेल महागलं. मग रिझर्व्ह बँकेने आमच्या घरकर्जाचं व्याज का वाढवलं?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : तुमच्या शिवारात सोयाबीन पिकतं, तरी देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरूनच येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सूर्यफूल मुख्यतः युक्रेन-रशियाचं. त्या एप्रिलात इंडोनेशियाने पामची निर्यातच थांबवली होती. व्याज वाढवून तेलाचं एक जहाजही येत नाही, हे तुमचं म्हणणं खरंच आहे.

पण तेल, डिझेल महागलं की भाडं वाढतं, मजुरी वाढते, आणि ‘पुढे आणखी वाढेल’ म्हणून दुकानदार आजच भाव चढवतो. बँकेला अडवायची असते ही दुसरी लाट. शिवाय अमेरिकेने व्याज वाढवलं की डॉलर तिकडे वळतात, रुपया घसरतो आणि आयात आणखी महागते. म्हणून मे 2022 मधला 4 टक्क्यांचा रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहावर गेला. तुमचं कर्ज बदलत्या दराचं, म्हणून झळ लगेच लागली. सवलतीच्या पीककर्जाला ती सहसा लागत नाही.

माझ्या मते खाद्यतेलात व्याजदरापेक्षा आयातशुल्क जास्त चालतं. मात्र ते उतरवलं की गृहिणी सुटते आणि मोंढ्यात सोयाबीन पडतं.