मळसूत्री दाब आणि शिकंजा

पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानीं जो लोखंडी शिकंजा दिसतो, तो मूळचा शेतकऱ्याच्या घरचा, हें सांगितल्यास आमच्या कित्येक वाचकांस नवल वाटेल. इटलींत द्राक्षांचा चोथा पिळण्यासाठीं पूर्वीं लांब तुळई दोरांनीं व चामड्याच्या पट्ट्यांनीं ओढून खालीं आणीत. इ. स. ७७ च्या सुमारास रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो कीं, मळसूत्राचा ग्रीक दाब गेल्या १०० वर्षांतला, व मधोमध उभें मळसूत्र असलेला लहान दाब तर अवघ्या २२ वर्षांतला आहे. पुढें १४५० च्या सुमारास माइन्त्स शहरीं गुटेनबर्ग यानें असल्याच दाबावर पुस्तकें छापिलीं. गोव्यांत १५५६ सालीं छापखाना आला. त्या काळचे छापखाने मळसूत्रीच असत.

आतां याची करामत पाहूं. दांडा मध्यापासून १४ इंच असल्यास त्याचें टोक एका फेऱ्यांत ८८ इंच फिरतें. आट्यांतील अंतर पाव इंच असल्यास फळी तेवढीच खालीं येते. हिशेबानें जोर ३५२ पट व्हावा. परंतु निम्म्याहून अधिक घर्षणांत जातो. हा तोटा खरा, पण त्याच घर्षणामुळें हात सोडला तरी मळसूत्र उलटें फिरत नाहीं. बांधणीस हवा असतो तो हा टिकाऊ दाब. पुठ्ठ्यावरील खळ वाळतांना कागद आंखडतो व पुठ्ठ्यास ओढतो. तो पुरता वाळेपर्यंत दाबांत राहिला तरच सपाट राहतो.

सातबारा संगणकावर येण्यापूर्वींची गोष्ट. फेरफारांचें एक पुस्तक भर पावसाळ्यांत बांधावयास दिलें होतें. काम निकडीचें म्हणून आम्हींच तें दुसऱ्या दिवशीं शिकंज्यांतून काढविलें. पुठ्ठे पापडासारखे वळले, पाठीचा सरस सुटला, व महिन्याभरांत दोन पानें निसटलीं. त्यांपैकीं एकावर एका विधवा बाईची वारसनोंद होती. तिला तीन खेपा रिकाम्या हातीं परत जावें लागलें. चौथ्या खेपेस पान कपाटामागें सांपडलें. बांधणारा बिचारा "अजून ओलें आहे, रावसाहेब" म्हणत होता!

सबब सोसायटीचीं खातेवह्या-पुस्तकें बांधावयाचीं तर उन्हाळ्यांत द्यावीं. खळ लाविलेल्या पुठ्ठ्याच्या आंत कोरा कागद घालावयास सांगावें, म्हणजे ओल पानांत उतरत नाहीं. दाब एकदम आवळूं नये, थोडथोडा वाढवावा. आणि पुस्तक केव्हां काढावें हें बांधणाऱ्यासच ठरवूं द्यावें.