कोऱ्या जागेचा अर्थ

लेखन नीटनेटकें असावें, असें आपण मुलांस नित्य सांगतों. परंतु अर्थ न जाणतां नीटनेटकेपणा केल्यास हानि कशी होते, याचें एक उदाहरण आज पाहूं.

संगणकांतील एका लहानशा चिपेंत कोट्यवधि ट्रान्झिस्टर असतात. एवढें मोठें विद्युन्मंडल हातानें आखणें अशक्य. म्हणून तें शब्दांत लिहिण्याच्या भाषा निघाल्या. ‘आयट्रिपलई’ या अभियंत्यांच्या संस्थेनें १९८७ सालीं ‘व्हीएचडीएल’ या भाषेस व १९९५ सालीं ‘व्हेरिलॉग’ या भाषेस प्रमाण रूप दिलें. अशा मजकुरावरून पुढें मंडलाचा आराखडा तयार होतो.

हा मजकूर अनेक जण मिळून लिहितात आणि प्रत्येकाची मांडणी निराळी असते. ती एकसारखी करणाऱ्या प्रोग्रामास ‘फॉर्मॅटर’ म्हणतात. ओळी सरकविणें व अधिक झालेली कोरी जागा काढणें, हें त्याचें काम. बहुतेक ठिकाणीं अशी जागा केवळ वाचकाच्या सोयीची असते. पण सर्वत्र नव्हे.

व्हेरिलॉगमध्यें एखाद्या नांवांत बेरजेसारखें चिन्ह घालावयाचें असेल, तर नांवापूर्वीं उलटी तिरपी रेघ देतात, आणि तें नांव कोठें संपलें हें पुढील कोऱ्या जागेवरूनच ठरतें. आपलीं अक्षरें घेऊन दाखवावयाचें तर: \अ+ब ;

येथें अर्धविरामापूर्वींची जागा व्यर्थ समजून काढली, कीं अर्धविराम नांवांतच शिरतो आणि वाक्य संपतच नाहीं.

दुसरा प्रकार अधिक घातक आहे. मजकुरांतील टिपा माणसांसाठीं असतात. यंत्र त्या सोडून देतें. तथापि मंडल रचणाऱ्या कांहीं प्रोग्रामांस महत्त्वाच्या सूचना टिपांच्याच रूपानें दिल्या जातात. फॉर्मॅटरनें अशी टीप मोडली किंवा भलतीकडे नेली, तर सूचना निष्फळ होऊं शकते. पहिल्या चुकींत यंत्र बहुधा तत्काळ तक्रार करतें. या चुकींत तें मुकाट्यानें निराळें मंडल रचूं शकतें. कागदावरची चूक खोडतां येते, सिलिकॉनवर उमटलेली येत नाहीं.

१७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला, त्याविषयींची ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. तेथें एक अक्षर बदललें; येथें एकहि अक्षर न बदलतां अनर्थ होतो.

यावर उपाय दोन. फॉर्मॅटरनें त्याच भाषेच्या व्याकरणानें मजकूर वाचावा, दुसऱ्या भाषेचे नियम तिच्यावर लादूं नयेत. आणि मांडणी बदलल्यावर पूर्वींचे व नंतरचे शब्द, चिन्हें व सूचना क्रमानें ताडून पाहाव्यात. मग मंडलाची परीक्षा पुन्हां घ्यावी.

विद्यार्थ्यांनींहि गणिताची वही स्वच्छ उतरविल्यावर ती मूळ कागदाशीं अवश्य ताडून पाहावी. सुटलेलें एक दशांशचिन्ह सुंदर अक्षरानें भरून निघत नाहीं.