तारेवरच्या पावत्या

नागपुरात बर्डी मेन रोडवरच्या आमच्या मॅचिंग सेंटरात गल्ल्यामागे एक लोखंडी तार लटकते. वर्गणीची पावती आली की तिच्यात टोचायची. पाच वर्षांपूर्वी मार्चअखेरीला ती गच्च भरली होती. गणपती, देवी, भंडारा, कुठल्याशा क्रिकेट स्पर्धेचा चषक. मी कुणालाच नाही म्हणत नसे. खरं सांगायचं तर चार गिऱ्हाइकांसमोर पाचशेची नोट काढताना बरंही वाटायचं.

त्याच महिन्यात एका संस्थेचा माणूस आला. फायलीत मुलांचे फोटो. "भाऊ, 31 तारखेच्या आत दिले तर टॅक्सात सूट आहे." मी 20,000 रोख मोजले. पुढे सीएनं पावती उलटसुलट करून बघितली. रोखीनं 2,000च्या वर दिलेलं 80जीत बसत नाही, आणि मी नवी करप्रणाली घेतलेली, तिच्यात ही सूट तशीही नाही. पावतीवरच्या पत्त्यावर गेलो, तर तिथे झेरॉक्सचं दुकान.

ते एक वेळ सोसलं. जूनमध्ये आमच्याकडे पिको-फॉल करणाऱ्या ताईंच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला. बारा हजार कमी पडत होते. चौदा वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं. मी म्हणालो, "ताई, या महिन्यात नाही जमत." त्या काही बोलल्या नाहीत. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून सुईत ओवलं. त्यांच्या डोक्यावर ती तार.

त्या रात्री वडिलांच्या लाल वह्या काढल्या. प्रत्येक वहीत 'धर्मादाय' असं वेगळं पान, रोजच्या विक्रीतून त्यात थोडं जमा. दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा ते पान मीच बंद केलं होतं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पुन्हा उघडलं आणि वर्षाचा आकडा आधीच लिहून टाकला: 36,000. तुमचा तीन हजार असेल, काही बिघडत नाही. फक्त मागणारा दारात यायच्या आधी ठरवा. नाहीतर ज्याचा आवाज मोठा, पैसे त्याचे.

आकड्याच्या शेजारी कारणही लिहा. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी 1930 साली मृत्युपत्रानं सुमारे 35 लाख रुपये नागपूर विद्यापीठाला दिले ते उपयोजित विज्ञान शिकवण्यासाठी, असं नेमकं सांगून. त्यातून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आपली एलआयटी, उभी राहिली. आपली ऐपत तेवढी नसेल, पण 'कशासाठी' एवढं लिहायला काय लागतं?

माझं कारण घरापासून हाकेवर निघालं. माझा जन्म बर्डीतल्या मातृ सेवा संघातला. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी 1921 मध्ये बाळंतिणींसाठी सुरू केलेली ही संस्था. पन्नास वर्षं तिच्यासमोरून गेलो आणि पैसे दिले झेरॉक्सच्या दुकानाला! आता महिन्याला 2,000 तिथे जातात, थेट बँकेतून.

संस्था नवी असेल तर आधी तिची 80जी नोंदणी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पाहा, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा. मग एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी जाऊन या. आणि काय हवंय ते त्यांनाच विचारा. आम्ही एका वसतिगृहात 15 ऑगस्टला बुंदी घेऊन गेलो, तर पोरं ताटाकडे बघेचनात. त्या दिवशीची ती तिसरी बुंदी होती. अधीक्षक हळूच म्हणाले, "साहेब, विजेचं बिल भरता का?" विजेच्या बिलासोबत फोटो काढता येत नाही, म्हणून ते कुणी भरत नाही.

उरलेल्या बारा हजारांतले सहा हजार मंडळांचे. पोरं रुसतात, मी वही दाखवतो. बाकीचे सहा हजार हातचे. त्यांच्यावर कुणाचं नाव लिहायचं नाही. अडीनडीला कोण येईल ते आधी ठाऊक नसतं.

पहिल्या वर्षीचे ते सहा हजार पाकिटात घालून मी ताईंकडे गेलो. मुलीच्या फीसाठी त्यांनी बचत गटातून कर्ज काढलं होतं. "भाऊ, शेवटचा हप्ता मागच्याच महिन्यात गेला," म्हणाल्या आणि मशीन सुरू केली.