पाहुण्यांचे गाव

बेल्जियम देशात गेल नावाचे एक लहानसे शहर आहे. तेथील काही घरांत जेवणाच्या मेजाभोवती आई, वडील व मुले यांच्यासमवेत एक प्रौढ पाहुणाही बसलेला दिसतो. तो कधी स्वतःशीच पुटपुटतो, तर कधी दिवसभर अबोल राहतो. घरातील कोणी त्याला हसत नाही की भीत नाही. त्याचे मन आजारी आहे हे सर्वांना ठाऊक असते. तो आपल्यापैकीच एक आहे, हेही ठाऊक असते.

ही रीत फार जुनी आहे. सातव्या शतकात डिम्फ्ना नावाच्या आयरिश राजकन्येचा येथे वध झाला, अशी आख्यायिका आहे. पुढे लोक तिला मनोरुग्णांची कैवारी संत मानू लागले. तिच्या दर्शनाला दूरदूरचे लोक आपल्या आजारी आप्तांना घेऊन येत. गर्दी वाढली, जागा अपुरी पडू लागली. तेव्हा गावकऱ्यांनी त्या रुग्णांना आपल्या घरी आश्रय दिला. कित्येक रुग्ण तेथेच राहिले आणि शेतात, गोठ्यात झेपेल ते काम करीत घरचेच होऊन गेले.

इतरत्र काय चालले होते? अनेक ठिकाणी अशा रुग्णांना साखळदंडांनी जखडून ठेवीत. लंडनच्या बेथलेम रुग्णालयात तर अठराव्या शतकात लोक केवळ करमणुकीसाठी त्यांना पाहावयास जात!

१८६२ साली गेलमध्ये रुग्णालय उघडले. तेव्हापासून उपचार वैद्यांकडे आणि घरपण गावकऱ्यांकडे, अशी वाटणी झाली. १९३८ च्या सुमारास येथील घरांत साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे राहत होते. आता ही संख्या पुष्कळ घटली आहे. पण रीत टिकून आहे. २०२३ साली युनेस्कोने तिचा गौरव केला.

गेलच्या लोकांपाशी कोणते गुप्त औषध होते? कोणतेही नाही. त्यांनी माणसाला त्याच्या आजाराच्या नावाने हाक मारली नाही, एवढेच. ज्वर आलेल्याला आपण हसत नाही. मग मनाच्या आजाराची थट्टा का करावी? या थट्टेच्या भयाने कित्येक जण आपले दुःख लपवितात, वैद्याकडे जाण्यास लाजतात आणि आजार बळावतो. आपल्या देशात २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णांचा सन्मानाने जगण्याचा हक्क मान्य केला आहे. परंतु कायदा गल्लीतल्या प्रत्येक वळणावर उभा राहू शकत नाही. तेथे आपणच उभे असतो. आपल्या हातात खडा असावा की पाण्याचा पेला, हे आपणच ठरवावयाचे असते.

शब्दार्थ : आप्त – नातेवाईक, कैवारी – पाठीराखी, ज्वर – ताप.

स्वाध्याय
१. गेलच्या गावकऱ्यांनी रुग्णांना घरी आश्रय का दिला?
२. थट्टेमुळे आजार कसा बळावतो?
३. ‘तेथे आपणच उभे असतो’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.