डीबगर अडकतो कुठे?

शेगावच्या होस्टेलवर राहणाऱ्याला कचोरीचं गणित शिकवावं लागत नाही. सोळा जणांना कचोरी हवी, तर स्टेशनकडे सोळा चकरा कोणी मारत नाही. एकजण पिशवी घेऊन जातो. डीबगरला मात्र हे सांगावं लागतं.

फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये आमच्या बोर्डावर ६४ बाइटचे आठ बफर होते. सबमिशन दोन दिवसांवर, आणि प्रत्येक स्टेपला स्क्रीन दोन-अडीच सेकंद गप्प. "काहून बे, झोपला का हा?" पार्टनर म्हणाला.

हिशेब मांडला. सिरियल लाइन ११५२०० बॉडची, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. जीडीबीच्या रिमोट प्रोटोकॉलमध्ये एक बाइट हेक्सच्या दोन अक्षरांत येतो. चार बाइट मागितले, की मागणी, पोच आणि उत्तर मिळून साधारण २९ अक्षरं. त्यातला माल आठच. सोळा वेळा मागितलं तर ४० मिलिसेकंद, ६४ बाइट एकदम मागितले तर १३. पण खरा वेळ खातो तो फेरा. यूएसबी-सिरियल केबलमधल्या काही चिप थोडाच डेटा आला तर १६ मिलिसेकंद थांबून मग तो पुढे देतात. आणि आमची स्क्रिप्ट चार-चार बाइट मागत होती! आठ बफरांचे १२८ फेरे.

लिनक्सवर, एकाच मशीनवर डीबग करतानाही हेच आहे. पीट्रेसच्या पीकने एका वेळी एकच शब्द मिळतो, ६४ बिट मशीनवर ८ बाइट. ४०९६ बाइटच्या पानाला ५१२ सिस्टिम कॉल. प्रोसेसच्या प्रोक डिरेक्टरीतली मेम फाइल उघडली तर तेच पान एका कॉलमध्ये येतं.

स्क्रिप्ट सुधारली, काम पळू लागलं. मग हाव सुटली. जीडीबीच्या मेम कमांडने बोर्डाचे सगळेच पत्ते कॅशमध्ये टाकले. कॅशची ओळ मुळात ६४ बाइटची, म्हणजे एक शब्द मागा, शेजारीही उचलून येतात. स्टॅक किंवा बफरला ते चालतं. प्रोग्राम पुढे चालवला की जीडीबी कॅश रिकामी करतो. पण यूएआरटीचा डेटा रजिस्टर वाचला की आलेला बाइट "घेतला" असं हार्डवेअर समजतं. आम्ही पाहत होतो शेजारचा स्टेटस रजिस्टर, आणि इकडे दुसऱ्या यूएआरटीवरच्या जीपीएसचे बाइट गायब! अर्धी रात्र बिचाऱ्या जीपीएसला शिव्या घातल्या.

शेवटी पेरिफेरलच्या पत्त्यांना नोकॅश लावलं. त्यातलं काही पाहायचंच असेल, तर हाताने, तेवढाच एक शब्द.