चॅरिटी शॉपमध्ये शिरताना: काय करावं, काय टाळावं

ब्रिटनमधल्या कुठल्याही गावाच्या मुख्य बाजाररस्त्यावर थोडं चाललं की एखादं तरी चॅरिटी शॉप लागतंच. लोकांनी घरून आणून दिलेल्या वस्तू, त्या निवडून, वाफेनं सुरकुत्या काढून मांडणारे स्वयंसेवक, आणि विक्रीतून उरणारा पैसा कर्करोगावरच्या संशोधनाला, हृदयरोग्यांना, वृद्धांना, बेघरांना. दुसऱ्या महायुद्धात रेड क्रॉसनं अशी दुकानं देशभर काढली होती. युद्ध संपल्यावर, १९४७-४८च्या सुमारास, ऑक्सफॅमनं ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर आपलं कायमचं दुकान थाटलं. आज देशात सगळी मिळून दहा हजारांहून जास्त चॅरिटी शॉप्स आहेत.

तिकडे शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी ही दुकानं पहिल्याच आठवड्यात बघायला सांगते. दोन बॅगांच्या वजनात जाड कोट, पातेली आणि पांघरूण मावत नाही, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नव्या मालाच्या दुकानात वस्तू चांगली की वाईट हे जाहिरात आणि किंमत सांगून टाकतात. इथे ते आपल्या डोळ्यांनी आणि बोटांनी ठरवावं लागतं, आणि ते जमायला लागलं की जो आनंद होतो त्याला तोड नाही.

निघण्याआधी

करावं: खिशात मोजपट्टी ठेवावी. आपली छाती, खांदा, कंबर, पायाची आतली लांबी, घरातल्या खिडकीची रुंदी, पलंगाची लांबी लिहून घ्यावी. ब्रिटिश कपड्यांवरचा मापाचा आकडा कंपनीनुसार आणि दशकानुसार बदलतो. जुन्या कपड्यावरचा १४ आजच्या १४ पेक्षा बराच लहान निघतो. आकड्यापेक्षा पट्टीवर विश्वास ठेवावा.

करावं: जवळच्या दोन-तीन दुकानांत वरचेवर डोकवावं. माल रोज बदलतो, आणि जे आज आहे ते उद्या असेलच असं नाही. दर खेपेला दहा मिनिटं पुरतात. गल्ल्यावरच्या आजींना विचारलं तर नवा माल कुठल्या दिवशी बाहेर येतो हे त्या आनंदानं सांगतात.

करावं: वस्ती बघून दुकान निवडावं. लंडनच्या चेल्सी भागात ओल्ड चर्च स्ट्रीटवरचं रेड क्रॉसचं दुकान नामवंत डिझायनरांच्या कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे, कारण आजूबाजूची कपाटंच तशी. एडिंबरोच्या स्टॉकब्रिज भागात एकाच रस्त्यावर अशा दुकानांची रांग आहे. निवृत्त लोकांच्या गावांत लोकर, चिनी मातीची भांडी आणि बागकामाची पुस्तकं उत्तम मिळतात. विद्यापीठांच्या गावांत जूनमध्ये मुलं खोल्या सोडतात तेव्हा किटल्या, तवे, टेबलदिवे यांचे ढीग दुकानांत येतात. सप्टेंबरमध्ये नव्यानं आलेल्या मुलांची त्याच फळ्यांवर झुंबड उडते, म्हणून ज्याला जमेल त्यानं उन्हाळ्यातच बघून ठेवावं.

टाळावं: एकच विशिष्ट वस्तू हवी असा हट्ट धरून जाणं. ‘निळा रेनकोट’ शोधायला गेलं तर रेनकोट मिळत नाही आणि शेजारी टांगलेला सुरेख लोकरी स्वेटर दिसतही नाही.

कपड्यांच्या रांगेत

करावं: आधी हात फिरवावा, मग डोळे. रांगेवरून बोटं सावकाश नेली की लोकर, रेशीम, लिनन आपोआप हाताला थांबवतात. मग आतलं लेबल वाचावं. शंभर टक्के लोकर, कॅश्मीर, सुती असं दिसलं की तो कपडा बाहेर काढावा. ब्रँडचं नाव शेवटी बघावं.

करावं: कपडा उलटा करून शिवण बघावी. चौकटीच्या कापडाच्या रेघा शिवणीपाशी एकमेकींना जुळतात का, अस्तर पूर्ण आहे का, शिवणीत सैल करायला कापड सोडलं आहे का, जादा बटण आत टाकलं आहे का. हे सगळं असेल तर कुणीतरी मन लावून शिवलेला कपडा आपल्या हातात आहे.

करावं: हॅरिस ट्वीडचं कोट-जाकीट दिसलं तर थांबावंच. १९९३च्या ब्रिटिश कायद्यानुसार हे नाव फक्त स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर, तिथल्याच रहिवाशांनी, आपापल्या घरी हातमागावर विणलेल्या कापडाला लावता येतं. लोकर रंगवायची आणि कातायची तीही तिथेच. आत पृथ्वीगोल आणि वर क्रॉस असं चिन्ह असलेलं लेबल असतं. नवं जाकीट शेकडो पौंडांना जातं, आणि चॅरिटी शॉपमध्ये त्याच्या अगदी लहान अंशात मिळतं. जवळून पाहिलं तर जो रंग तपकिरी वाटतो त्यात गंजाचा, शेवाळाचा, जांभळा, पिवळा असे किती रंग कातलेले असतात! तीस वर्षं वापरलेलं जाकीटही अजून तेवढीच वर्षं सहज काढतं.

करावं: काख, कॉलर, बाह्यांची टोकं, पँटची मांडी आणि खिशांचे तळ तपासावेत. लोकरी कपडा उजेडासमोर धरावा. कसरीनं पाडलेली भोकं अशीच दिसतात. घरी आणल्यावर लोकरीची वस्तू घट्ट बंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आली की मगच पिशवी उघडावी. अंडी आणि अळ्या दोन्ही मरतात.

टाळावं: आतून पांढरे पापुद्रे सुटणारा पावसाळी कोट. बाहेरून कोरा दिसला तरी त्याचा जलरोधक थर गेलेला असतो आणि तो पुन्हा बसत नाही.

टाळावं: वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेले, फोमसारख्या हलक्या तळव्याचे बूट. पॉलियुरेथेनचा तळवा हवेतल्या ओलाव्यानं आतल्या आत कुजतो. घालून चार पावलं टाकली की तुकडे पडतात. अंगठ्यानं दाबून बघावं. भुगा सुटला तर जागेवर ठेवून द्यावेत. चामड्याच्या शिवलेल्या तळव्याचे बूट मात्र मोची पुन्हा नवे करून देतो.

टाळावं: ‘दुसऱ्यानं उतरवलेला कपडा कसा घालायचा’ हा संकोच. मला तो समजतो, कारण आपल्यापैकी पुष्कळजण त्यातच वाढले आहेत. पण आपल्याच घरांत बाळाला पहिली झबली-टोपडी थोरल्या भावंडाची घालतात, कारण धुऊन धुऊन ती मऊ झालेली असतात. आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी आपण अभिमानानं पांघरतो. वापरलेलं कापड अंगाला चांगलं, हे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे. आणून एकदा स्वच्छ धुवावं, आणि घालावं.

भांडी, चांदी, फर्निचर

करावं: बिडाचा तवा गंजलेला असला तरी घ्यावा. घासून, तेल लावून, तापवून तो परत उभा राहतो, आणि त्यावर भाकरी झकास होते. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं इंडक्शनवर चालेल का हे बघायला छोटं लोहचुंबक जवळ असावं. बुडाला घट्ट चिकटलं तर चालेल.

करावं: चमच्याच्या दांड्याच्या मागे छोटे शिक्के शोधावेत. चालणाऱ्या सिंहाचा शिक्का म्हणजे इंग्लंडमध्ये तपासलेली स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग. शेजारी बिबट्याचं डोकं असेल तर तपासणी लंडनची, जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅमची. ‘ईपीएनएस’ अशी अक्षरं असतील तर वर फक्त मुलामा आहे. तोही वाईट नाही, पण किंमत त्याच्या हिशेबानं द्यावी. काळे पडलेले चमचे पेटीच्या तळाशी सापडतात, आणि तो छोटा सिंह अंगठ्याखाली लागला की छातीत धडधडतं.

करावं: बशी उलटी करून कारखान्याचं नाव वाचावं. पोर्टमेरियनची ‘बोटॅनिक गार्डन’ ही फुलापानांची मालिका सुझन विल्यम्स-एलिस यांनी १९७२ साली काढली आणि ती अजून निघते, म्हणून एकेक सुटी बशी जमवत वर्षभरात पूर्ण संच होतो. हॉर्न्सीचा कारखाना २००० साली बंद पडला. त्याचे तपकिरी नक्षीचे डबे आता अशाच दुकानांतून हाती लागतात. कपाच्या कडेवर बोट फिरवावं आणि नखानं टिचकी मारावी. तडा असेल तर आवाज बसका येतो.

करावं: पितळेच्या कोपऱ्यात नजर टाकावी. भारतातून गेलेली कोरीव तबकं, घंटा, फुलदाण्या तिथे खूपदा असतात. बनारसी नक्षीचं तबक एखाद्या इंग्रज घरात दोन पिढ्या राहून पुन्हा मराठी घरात यावं, हे मला फार आवडतं.

टाळावं: ओरखडे पडलेली नॉनस्टिक भांडी, रबर आणि झडप नसलेले प्रेशर कुकर. फार जुन्या, झिलई उडालेल्या रंगीत भांड्यांत जेवणं टाळावं. झिलईत शिसं असू शकतं. अशी भांडी भिंतीवर शोभतात.

टाळावं: अग्निसुरक्षेचं लेबल नसलेला सोफा, कितीही सुंदर असला तरी. १९८८च्या नियमांनुसार गादीदार फर्निचरला ते लागतं. चॅरिटी शॉप्स ते बघूनच सोफा विकायला घेतात, पण रस्त्यात कुणी ‘फुकट घेऊन जा’ म्हणून ठेवलेल्याचं तसं नसतं. विजेच्या वस्तूवर तपासणी झाल्याची चिठ्ठी असावी. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची खास फर्निचर आणि विजेच्या वस्तूंची दुकानं आहेत. शीतकपाट किंवा कपडे धुण्याचं यंत्र घ्यायचं तर तिथे जावं.

पुस्तकं आणि खेळ

करावं: पुस्तकांसाठी वेगळा वेळ काढावा. ऑक्सफॅमची निव्वळ पुस्तकांची दुकानं आहेत. त्यांतलं ऑक्सफर्डच्या सेंट जाइल्स रस्त्यावरचं १९८७ साली निघालं. पेंग्विननं १९३५मध्ये सहा पेन्सला विकायला सुरुवात केलेली पुस्तकं रंगावरून ओळखतात: नारिंगी कादंबऱ्या, हिरव्या गुन्हेकथा, निळी चरित्रं. पहिल्या पानावरचं जुन्या मालकाचं नाव, गाव, तारीख वाचावी. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा मी कधीच पुसत नाही.

करावं: जिगसॉच्या खोक्यावरची चिठ्ठी वाचावी. कित्येक दुकानांत स्वयंसेवक ते कोडं घरी नेऊन पूर्ण लावून बघतात आणि मगच ‘सगळे तुकडे आहेत’ असं लिहितात. अशा चिठ्ठीचा मान ठेवावा.

गल्ल्यापाशी

टाळावं: घासाघीस. मंडईत भाव पाडून घेणं हा आपला हक्कच आहे, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात तो बजावावाच. इथे समोर उभी असलेली बाई बिनपगारी काम करते आहे, वस्तू कुणीतरी फुकट दिली आहे, आणि कमी केलेला प्रत्येक पौंड एखाद्या रुग्णाच्या वाट्यातून जातो. भाव चिठ्ठीवर आहे तो द्यावा. परवडत नसेल तर ठेवून द्यावं.

टाळावं: स्वस्त आहे एवढ्यासाठीच घेणं. ‘पूर्ण किमतीला मिळालं असतं तर हवंसं वाटलं असतं का?’ एवढं स्वतःला विचारावं.

टाळावं: ऐपत असताना लहान मुलांचे हिवाळी कोट आणि शाळेचे गणवेश नफ्यानं पुढे विकण्यासाठी गठ्ठ्यानं उचलणं. हे कायद्यात बसतं, पण मला पटत नाही. त्या रांगेपाशी येणाऱ्या कितीतरी आयांना दुसरं दुकान परवडत नाही.

करावं: पावती जपावी आणि बदलून मिळेल का हे पैसे देण्याआधीच विचारावं. दर दुकानाचा नियम निराळा असतो.

देताना

करावं: घेतो तसं द्यावंही. बोहारणीला जुन्या साड्या देऊन पातेलं घेणाऱ्या घरांना हे शिकवावं लागत नाही. इथे बदल्यात पातेलं मिळत नाही, एवढंच. तिकडे आयकर भरत असाल तर ‘गिफ्ट एड’चा अर्ज भरावा. मग तुमच्या वस्तूच्या दर पौंडामागे सरकार संस्थेला पंचवीस पेन्स जास्तीचे देतं. दहा पौंडांना कोट विकला गेला तर अडीच पौंड वरून. तुमच्या वस्तूंचे किती आले हे संस्था नंतर पत्रानं कळवते, आणि ते पत्र वाचायला फार बरं वाटतं.

करावं: धुऊन, बटणं लावून, बुटांच्या जोड्या नाडीनं एकत्र बांधून द्यावं. फाटके कपडेही काही ठिकाणी चालतात, पण ‘चिंध्या’ असं लिहून वेगळ्या पिशवीत. ते किलोवर विकले जातात. ऑक्सफॅमनं तर १९७४पासून यॉर्कशरमध्ये यासाठी निवडणी केंद्रच चालवलं आहे.

टाळावं: दुकान बंद असताना दारात पिशव्या ठेवून जाणं. रात्री पाऊस येतो, पिशव्या फाडल्या जातात, आणि सकाळी सगळा ओला ढीग कचऱ्यात टाकायचा खर्च त्या संस्थेच्याच माथी बसतो. दुकान उघडं असताना जावं, आणि पिशवी हातात द्यावी.