निळी-करडी शाई : दौत घेण्याआधीचा हिशेब

निळ्या-करड्या शाईचा नाद लागलेली माणसं फिरून फिरून पायलटच्या ‘शिन-काई’पाशी येतात. इरोशिझुकू मालिकेतली ही जपानी शाई. ५० मिलिलिटरच्या दौतीला आपल्याकडे साधारण दीड ते दोन हजार रुपये पडतात. दुकानागणिक भाव बदलतो. दीड हजार धरले तरी मिलिलिटरला ३० रुपये झाले. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनात बसणाऱ्या शाई ओढायच्या नळीत, जेमतेम पाऊण ते एक मिलिलिटर मावते, म्हणजे एकदा पेन भरलं की पंचवीस-तीस रुपये गेले. ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायचं पेन असेल तर दोन-तीन मिलिलिटर सहज जाते, म्हणून पहिली चाचणी त्यात नको. कॅमल ब्रँडची साधी शाई मात्र मिलिलिटरला रुपयाच्या आसपासच पडते.

म्हणून आधी नमुना मागा. शाई विकणारे काही दुकानदार दोन किंवा पाच मिलिलिटरच्या कुप्या देतात. सुटी शाई दौतीपेक्षा महाग पडते, वर कुरिअरचा खर्च. तरीही न आवडलेली अख्खी दौत कपाटात पडून राहण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

खरा खर्च कागदाचा. शाळेच्या साध्या वहीवर ही शाई कागदात शिरते, अक्षराच्या कडा फुटतात आणि करडेपणा जवळजवळ गायब होतो. उरते ती ब्लू-ब्लॅक. तीच हवी असेल तर दीड हजार कशाला घालवायचे? गुळगुळीत, शाई न शोषणाऱ्या कागदावर जाड निबने ‘क’ काढून बघा. सुरुवातीची रेघ पावसाळी ढगासारखी फिकी राहते आणि हात थांबतो तिथे शाई साचून गर्द निळी होते. पैसे या फरकाचे आहेत. बारीक निबमध्ये तो फारसा दिसत नाही, त्यामुळे तुमचं पेन बारीक निबचं असेल तर माझ्या मते ही चैन टाळावी. रंग ओला असताना ठरवू नका. पूर्ण वाळू द्या, मग दिवसाच्या उजेडात पाहा.

त्याच कागदावर एका ओळीवर पाण्याचा थेंब टाका आणि टिपकागदाने टिपा. अशा बहुतेक शाया रंजक (डाय) पाण्यात विरघळवून केलेल्या असतात, त्यामुळे अक्षर धुऊन जाऊ शकतं. चेक, करारनामे यांसाठी टिकाऊ शाईच वापरा. पण टिकाऊ म्हणून चित्रकलेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात कधीही भरू नका. ती आत वाळली की निबखालची जीभ कायमची तुंबते आणि नव्या पेनाचा खर्च अंगावर येतो.

शाई बदलताना पेन गार पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. कढत पाणी नको. मग निब खाली करून टिपकागदावर रात्रभर ठेवा, नाहीतर आत राहिलेल्या पाण्याने नवी शाई फिकी पडते आणि चाचणी फुकट जाते.